घोडेमाळच्या चिंचेला पारंब्या किती

पुंजाराम गर्जे यांना मोजण्याची खोड होती. ती कुठून लागली हे त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही. देवळात गेले की पायऱ्या मोजायचे, लग्नात गेले की पंगती मोजायचे, आणि आकडा चुकला असं वाटलं तर परत पहिल्यापासून सुरुवात करायचे. पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पूर्वेला एका वस्तीवर त्यांचं घर. दसरा झाला की सगळी वस्ती ऊसतोडीला निघायची, तसे पुंजारामही बायको पुष्पावतीला घेऊन निघायचे. फडात त्यांनी मोजलेल्या मोळ्या आणि मुकादमाने मोजलेल्या मोळ्या कधीच जुळत नसत, आणि फेरमोजणी केली की दरवेळी पुंजारामच बरोबर निघत. अशी तीन वर्षं गेल्यावर एकही मुकादम त्यांना टोळीत घेईना.

एकोणीसशे एकाहत्तर साली नगरला एका नव्या सरकारी योजनेची कचेरी उघडली. जिल्ह्यात ठिकठिकाणी पाझर तलाव होणार होते. त्यांच्या पाण्याखाली जमिनी जाणार, जमिनींबरोबर झाडंही जाणार. त्या झाडांचं मोल ठरवायचं काम या कचेरीकडे होतं. नुसत्या लाकडाचं मोल नव्हे. झाड सावली देतं, आडोसा देतं, त्याच्याखाली बसून माणसाला बरं वाटतं, त्या सगळ्याचं मोल धरा, असा वरून हुकूम होता. कचेरीला फीत धरणारा माणूस पाहिजे होता. पुंजाराम सातवी पास होते. मुलाखतीच्या खोलीत फरश्या किती आहेत हे त्यांनी न विचारता सांगितलं आणि त्यांना नोकरी मिळाली. हुद्दा होता खलाशी. सरकारी मोजणीत साखळी किंवा फीत धरणाऱ्याला खलाशीच म्हणतात.

"खलाशी म्हंजी नाव चालवनारा ना?" पुष्पावतीने विचारलं.

"व्हय."

"आन आपल्याकडं प्यायला पानी न्हाई."

"म्हनून तर फीत दिलीय," पुंजाराम म्हणाले.

कचेरीचे साहेब राधाकृष्ण कुलथे. चाळिशीचे, सडपातळ, प्रामाणिक माणूस. हातात बारा महिने छत्री. त्यांनी त्याआधीच्या पावसाळ्यात अकोले तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी, एका ओढ्याकाठच्या वडाखाली एकतीस दिवस बसून अभ्यास केला होता. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. वडाचा घेर चौदा फूट. रोज सरासरी साठ माणसं सावलीला, बेचाळीस माणसं पावसात आडोशाला, अठ्ठावीस गुरं, आठ मधाची पोळी, आणि पारंब्यांवर झोके घेणारी दहा पोरं. शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला कुलथे विचारायचे, "किती लांबून आलात?" माणूस ज्या गोष्टीसाठी जितका लांब चालून येतो तितकी त्याला तिची किंमत, असा त्यामागचा हिशेब. त्या वडाला लोक सरासरी अर्ध्या मैलावरून येत. कुलथ्यांचा एकूण एक आकडा खरा होता. त्यासाठी त्यांनी दोन वेळा न्यूमोनिया काढला होता.

हा अभ्यास वरच्या कचेरीला इतका आवडला की त्यांनी ठरवलं, आता पुन्हा दुसऱ्या झाडाखाली बसायचं काही कारण नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजा आणि घेराच्या प्रमाणात वडाचे आकडे लावा. म्हणजे घेर दुप्पट असेल तर माणसं दुप्पट, पोळी दुप्पट, झोके दुप्पट. कुलथे जरा चाचरले, पण आपल्या वडाचा एवढा मान झालेला पाहून त्यांना आनंदही झाला.

पुंजाराम फीत घेऊन फिरायला लागले. एकाहत्तरच्या मार्गशीर्षात ते घोडेमाळला पोचले. घोडेमाळ म्हणजे त्यांच्या वस्तीपासून सात मैलांवरची पंधरा-वीस घरं. तिथं ओढ्यात तलाव व्हायचा होता. ओढ्याच्या काठाला बायडाबाईंची चिंच होती. म्हातारी, आतून पोकळ, अर्ध्या फांद्या वाळलेल्या, पण खोड भलतंच रुंद. खोडाच्या पोकळीत बायडाबाईंची शेळी राहायची आणि शेजारच्या छपरात बायडाबाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती.

पुंजारामांनी फीत लावली. घेर एकवीस फूट. त्यांनी मनातल्या मनात दीडपट केली आणि कागद भरायला बसले.

"काय लिव्हतो, बाबा?" बायडाबाईंनी विचारलं.

"सावलीला बसनारी मानसं नव्वद."

बायडाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. घरांच्या दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या. सावलीत त्या, पुंजाराम आणि शेळी.

"पावसात आडोशाला येनारी मानसं त्रेसष्ट," पुंजाराम पुढे वाचत होते. "गुरं बेचाळीस. मधाची पोळी बारा. पारंब्यांवर झोकं घेनारी पोरं पंधरा."

"चिंचंला कुठं पारंब्या आस्त्यात रं?"

"कागदावर हायेत, आजी."

"मग कागदावर चिंच कशाला म्हनायचं? वड म्हना."

पुंजारामांना रात्रभर चैन पडलं नाही. आकडे लिहायचा हुकूम होता, ते त्यांनी लिहिले होते. पण प्रत्यक्ष मोजणी वेगळी होती आणि ती कुठेच लिहिली नव्हती, हे त्यांना सोसेना. कागदाच्या शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो, जो कोणी भरत नाही. सकाळी त्यांनी त्यात बारीक अक्षरात लिहिलं: "समक्ष पाहता माणसे दोन, शेळी एक, पारंब्या नाहीत."

चार महिन्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. नव्वद माणसांच्या आकड्याबद्दल त्यात काहीच शंका नव्हती. तो अभ्यासातून आलेला होता. पत्रात एवढंच विचारलं होतं की समक्ष माणसे दोन आढळली असतील, तर उर्वरित अठ्ठ्याऐंशी माणसे कोठे गेली याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा.

कुलथ्यांनी पत्र पुंजारामांपुढे ठेवलं. "आता काय सांगायचं?"

"ऊसतोडीला गेली म्हना. गेलीच हुती."

ते खरंच होतं, म्हणून तसं कळवलं. वरची कचेरी खूश झाली. म्हणजे माणसं होती, फक्त तात्पुरती गैरहजर होती. उलट टपाली विचारणा आली की पावसात आडोशाला येणारी त्रेसष्ट माणसे कोठे आहेत. पुंजारामांनी कळवलं, पाऊस नसल्याने आलेली नाहीत. तेही मान्य झालं. मग पोळ्यांचा प्रश्न आला. पुंजारामांनी घोडेमाळला जाऊन पाहिलं, तर पोकळीच्या वरच्या अंगाला गांधीलमाश्यांचं एक घर होतं. त्यांनी ते जसंच्या तसं कळवलं. त्यावर "गांधीलमाश्या मध करीत नसल्यास का करीत नाहीत" असं पत्र आलं, आणि ते कुलथ्यांनी नुसतं फाईलला लावलं.

अशा पत्रापत्रीत बहात्तर साल गेलं. पाऊस त्या सालीही आला नाही. विहिरी तळाला गेल्या, गुरं छावणीत गेली. आणि योजनेची अचूकता तपासायची असं वरच्या कचेरीत, पुण्याला, ठरलं. जिल्ह्यातलं एक झाड निवडायचं, तिथं एकतीस दिवस प्रत्यक्ष मोजणी करायची, आणि लावलेले आकडे किती चुकले ते पाहायचं. झाड कुठलं घ्यायचं, तर ज्याची फाईल सगळ्यांत जाड ते. ती घोडेमाळच्या चिंचेची होती.

कुलथे पुंजारामांना म्हणाले, "मी बसलो होतो तसाच तू बस. सात ते सात. एक माणूस सुटता कामा नये."

हे सांगायची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पुंजारामांना खरं मोजायला सांगत होतं.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये ते चिंचेखाली येऊन बसले आणि त्याच आठवड्यात घोडेमाळच्या तलावाचं दुष्काळी काम सुरू झालं. गावोगावची माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला आली. सहाशे तीस माणसं. तीन-तीन, पाच-पाच मैलांवरून चालत यायची, कारण जवळ दुसरं काम नव्हतं. आणि साऱ्या माळावर सावली म्हणून एकच चिंच. तीही अर्धी वाळलेली. तिच्याखाली एका वेळी तीसच माणसं मावत. कामावरचा मुकादम, गहिनीनाथ नावाचा, शिस्तीचा माणूस होता. दुपारच्या सुट्टीत कोणावर अन्याय नको म्हणून त्याने एकवीस पाळ्या लावल्या. शिट्टी वाजली की तीस माणसं सावलीत यायची, सरकारी सुकडीचे दोन घास खायची, तीन मिनिटांनी शिट्टी वाजली की उठून उन्हात जायची, आणि पुढची तीस यायची. तीन मिनिटांत प्रत्येकाला "किती लांबनं आलात?" हे विचारताना पुंजारामांची तारांबळ उडायची.

"आरं, चार मैलांवनं!" एक म्हातारबा चिडून म्हणाले. "काल बी चारच हुतं. गाव काय सरकतंय का?"

"नियम हाय, बाबा. रोज इचारायचं."

सावली दुपारी सरकायची तशी माणसंही सरकायची आणि पुंजारामांची गणती कोलमडायची. मग त्यांनी शेळीच्या दाव्याने सावलीच्या कडेला रेघ आखायला सुरुवात केली. दर शिट्टीला नवी रेघ.

खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही पोरं होती. त्यांना उन्हात कुठं ठेवणार? पहिल्या दिवशी एका बाईने लुगड्याची झोळी करून चिंचेच्या फांदीला बांधली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी. बायडाबाई त्या झोळ्यांना आळीपाळीने झोके देत बसायच्या. पहिला आठवडा सरता सरता फांद्यांना जागा उरली नाही, आणि तेव्हा पुंजारामांनी मोजल्या तर झोळ्या पंधरा भरल्या.

पुंजारामांनी कागद काढला. पारंब्यांवर झोके घेणारी पोरं, अपेक्षित पंधरा. त्यांनी पुन्हा मोजल्या. पंधरा. मग त्यांनी त्या रकान्यात "समक्ष १५" असं लिहिलं.

महिना संपत आला तेव्हा एक अडचण उभी राहिली. बायडाबाई रोज चिंचेखाली असत, पहाटेपासून रात्रीपर्यंत, सगळ्यांत जास्त वेळ. त्यांची नोंद करणं भाग होतं.

"आजी, तुमी किती लांबनं आलात?"

"मी कुठनं येनार? हितंच तर ऱ्हाते."

नियमाप्रमाणे शून्य मैल, म्हणजे किंमत शून्य. म्हणजे या झाडाची बायडाबाईंना काहीच किंमत नाही असं कागद म्हणणार. पुंजारामांनी शून्य काढायला पेन्सिल टेकवली. मग न लिहिताच ती खाली ठेवली.

"आजी, लग्नाच्या आदी कुठं हुता?"

"म्हायेर शेवगावाकडं. मी नऊ वर्षांची हुते. बैलगाडीत बसवून आनलं मला. चौदा मैल. सांजच्याला ह्या चिंचंखाली गाडी सोडली आन सासरा म्हनला, उतर, आपलं घर आलं. मी उतरंना. गाडीतच झोपले." त्या हसल्या. "साठ वर्षं झाली आसतील."

पुंजारामांनी लिहिलं: बायडाबाई, चौदा मैल.

चैत्रात पुण्याहून तपासनीस आले. पांढरा बुशशर्ट, गोड बोलणारे, चेहऱ्यावर घाम. कुलथे छत्री घेऊन बरोबर होते. तपासनिसांनी चिंचेखालच्या बाजेवर बसून पुंजारामांचे एकतीस दिवसांचे कागद वाचले. मधे शिट्टी वाजली तेव्हा तीन मिनिटं त्यांनाही उठून उन्हात उभं राहावं लागलं. गहिनीनाथने कोणाचीच पाळी चुकवली नाही.

"सावलीला अपेक्षित नव्वद, प्रत्यक्षात सहाशे तीस," तपासनीस म्हणाले. "कुलथे, चूक सहाशे टक्के आहे."

"पण साहेब, चूक वरच्या बाजूची आहे," कुलथे म्हणाले.

"पावसात आडोशाला त्रेसष्ट. प्रत्यक्षात शून्य."

"पाऊस पडला असता तर आली असती साहेब."

तपासनिसांनी पुंजारामांकडे पाहिलं. "आली असती का?"

पुंजाराम घुटमळले. "न्हाई साहेब. दोन वर्सांनी पाऊस आला तर हितं कोन झाडाखाली जाईल? बाहीर जातील समदी. झाडाखालचं बी बाहीर जातील. आजी बी जाईल. शेळीचं सांगता येत न्हाई."

कुलथ्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या वडाखाली ओढ्याच्या काठी एकतीस दिवस पावसात उभी असलेली ती बेचाळीस माणसं त्यांना दिसत असावीत. ती खोटी नव्हती.

तपासनीस पुढे वाचत गेले आणि एकदम थांबले. "झोके घेणारी मुलं. अपेक्षित पंधरा, प्रत्यक्षात पंधरा!" त्यांनी चष्मा काढला. "हा आकडा तंतोतंत आहे. पारंब्यांचा अंदाज तुमचा अचूक निघाला, कुलथे."

"साहेब, चिंचेला पारंब्या नसतात," कुलथे क्षीण आवाजात म्हणाले.

"पारंब्या नसूनही अचूक आला, म्हणजे पद्धत भक्कमच म्हणायची."

शेवटच्या पानावर ते बायडाबाईंपाशी आले. "ही बाई चौदा मैलांवरून येते? रोज?"

"एकदाच आली, साहेब," पुंजाराम म्हणाले.

"मग परतीचे चौदा मैल का धरले नाहीत? बाकी सगळ्यांचे जाऊन-येऊन धरलेत."

"परत गेलीच न्हाई."

पुढची शिट्टी वाजेपर्यंत तपासनीस बायडाबाईंकडे बघत होते. त्या पाठमोऱ्या बसून एका झोळीला झोका देत होत्या. मग तपासनिसांनी त्या नोंदीपुढे 'लग्न होऊन आलेली' असं लिहून खाली सही केली.

निकाल दोन महिन्यांनी आला. लांबून चालत येणाऱ्या सहाशे तीस माणसांमुळे घोडेमाळची पोकळ चिंच जिल्ह्यातलं सगळ्यांत मोलाचं झाड ठरली होती. आता हाच अभ्यास जास्त मोठा म्हणून प्रमाण मानावा, आणि अकोल्याच्या वडालाही घेराच्या प्रमाणात त्याचे आकडे लावावेत, असा हुकूम होता. पुंजाराम आषाढात वडापाशी गेले. पाऊस कोसळत होता, ओढा भरून वाहत होता, आणि भाताच्या चिखलातून इरलं पांघरलेल्या बायका जात होत्या. त्यांनी फीत लावली आणि लिहिलं: पाळीने बसणारे खडी फोडणारे मजूर, चारशे वीस. कुलथे शेजारी छत्री धरून उभे होते. त्यांनी ते वाचलं आणि आपल्या वडाच्या खोडावर हात ठेवला.

नगरला परतल्यावर कुलथ्यांनी वर लिहिलं, की दोन्ही झाडं वेगळी आहेत, हे आकडे तिथं लागत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या अभ्यासाविरुद्ध लिहिलं होतं. वरच्या कचेरीने त्यांचं म्हणणं समजुतीने घेतलं आणि तोड काढली. दोन्ही झाडांची सरासरी काढा आणि सगळीकडे तीच लावा.

त्या सरासरीचा छापील तक्ता पुंजारामांच्या हातात आला तेव्हा ते सुप्याच्या माळावर एका बाभळीला फीत लावून उभे होते. त्यांनी वरून वाचत आणलं. सरासरीत घेर धरायचं कोणाला आठवलं नव्हतं, म्हणून तक्ता प्रत्येक झाडाला सारखाच होता. सावलीची माणसं, आडोशाची माणसं, मजूर, पोळी. शेवटची ओळ होती: लग्न होऊन आलेली वृद्ध स्त्री, अर्धी, अंतर सात मैल.

पुंजारामांनी फीत गुंडाळली. बाभळीखाली कोणीही नव्हतं. वस्ती नव्हती, पायवाटही नव्हती. कोरा कागद पिशवीत घालून ते संध्याकाळच्या एसटीने नगरला आले आणि कुलथ्यांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"साहेब, बाकी समदं लिव्हलं. पारंब्या बी लिव्हल्या. पन अर्धी बाई मी लिव्हनार न्हाई."

"हुकूम आहे, पुंजाराम."

"हुकूम आसल. मला मोजता येतं तेवढं मी लिव्हतो. अर्धं मानूस मला मोजता येत न्हाई."

कुलथ्यांनी दाराकडे पाहिलं. कचेरीत दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "माझा वडाचा आकडा तरी बरोबर होता का रे?"

"बरोबरच हुता साहेब," पुंजाराम म्हणाले. "त्या वडाला."

कुलथ्यांनी मान हलवली. पुंजारामांना त्यांनी नोटीस दिली नाही. त्या दिवसापासून अर्ध्या बाईची ओळ ते स्वतः भरायचे, पुंजाराम बाहेर गेले की. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये योजना बंद झाली. अचूकतेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या इमारतीत दुसरी कचेरी यायची होती. कुलथे बदलून गेले. पुंजारामांना रस्त्याच्या कामावर खलाशी म्हणून घेतलं आणि तिथून ते निवृत्त झाले.

घोडेमाळचा तलाव मात्र पुरा झाला. त्र्याहत्तरच्या पावसातच तो पहिल्यांदा भरला होता. पुष्पावतीला घेऊन पुंजाराम मुद्दाम चिंच बुडालेली पाहायला गेले, तर चिंच कोरडी उभी होती. पाणी तिच्यापासून दोनशे फूट अलीकडेच थांबलं होतं. तलाव किती भरेल याचा अंदाज बांधणाऱ्यांनी तो दुसऱ्याच एका ओढ्याच्या पुरावरून काढला होता, असं नंतर कळलं.

बायडाबाई शेळीला घेऊन पाण्याकडे निघाल्या होत्या.

"आजी, झाड ऱ्हायलं की!" पुंजाराम ओरडले.

"ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "आदी हिला पानी पाजायला मैलभर न्यावं लागायचं. आता बरं झालं. चल, तू बी हातपाय धू. बायकूला बी घे."

तिघंही शेळीच्या मागून पाण्यापर्यंत चालत गेले.